कॅश कंट्रोलरचा कोड ठेवायचा कुठे: रिस्क-फाइव्ह लिनक्समधलं एक प्रकरण

हे प्रकरण लिनक्स कर्नलमधलं (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं), रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर आर्किटेक्चरच्या भागातलं, २०१९ ते २०२४ या काळातलं, आणि सगळं उघड्यावर घडलेलं आहे. कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी, आणि कॅश कंट्रोलर म्हणजे ती सांभाळणारं हार्डवेअर. माणसांची नावं काढून टाकलीत, ती लागतही नाहीत, पण चिप, फाइल आणि कर्नलच्या आवृत्त्या खऱ्याच ठेवल्यात कारण त्या काढल्या तर हातात काही उरत नाही. प्रश्न ऐकायला अगदी फालतू वाटतो, एक फाइल कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची. पण त्या एका प्रश्नावर पॅचच्या (कोडमध्ये सुचवलेल्या बदलाच्या) दहापेक्षा जास्त आवृत्त्या झाल्या, कर्नलमध्ये एक नवीन फोल्डर तयार झालं, आणि तरीही सगळं सुटलं असं म्हणता येत नाही.

पार्श्वभूमी

ज्यांनी कर्नलचा सोर्स कधी उघडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'आर्च' नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसर आर्किटेक्चरचा आपापला कोड असतो, म्हणजे बूट, पेज टेबल, ट्रॅप, कॉन्टेक्स्ट स्विच वगैरे. 'ड्रायव्हर्स'मध्ये डिव्हाइसचा कोड. सांगायला सोपं आहे, पण मधल्या पट्ट्यात बऱ्याच गोष्टी येतात: इंटरप्ट कंट्रोलर, टायमर, पॉवर डोमेन, कॅश कंट्रोलर. हे सगळे प्रोसेसरला इतके चिकटलेले असतात की यांना डिव्हाइस म्हणायचं की प्रोसेसरचाच भाग म्हणायचं यावर दोन माणसांत तीन मतं पडतात.

यातलं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण ३२ बिट आर्मचं. तिथे प्रत्येक चिप कंपनीनं 'आर्च/आर्म'मध्ये 'मॅक'नं सुरू होणारं आपलं फोल्डर उघडलं आणि त्यात क्लॉक, जीपीआयओ, इंटरप्ट, टायमर, जे असेल ते कोंबलं. एकच काम करणारा कोड पाच ठिकाणी पाच तऱ्हेनं लिहिलेला. २०११ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्सनं यावर जाहीर चीड व्यक्त केली, आणि मग डिव्हाइस ट्री (चिपमध्ये काय कुठे आहे ते कर्नलला सांगणारी फाइल), कॉमन क्लॉक फ्रेमवर्क, पिनकंट्रोल, 'ड्रायव्हर्स/इरकचिप' असं करत करत तो पसारा बाहेर निघायला लागला. आर्मचा सगळीकडे वापरला जाणारा गिक इंटरप्ट कंट्रोलर २०१२-१३ मध्ये 'आर्च/आर्म/कॉमन'मधून उचलून 'ड्रायव्हर्स/इरकचिप'मध्ये नेला, तो याच सफाईत. त्याच सुमारास ६४ बिट आर्म ३.७ मध्ये आलं आणि तिथे 'मॅक' फोल्डर हा प्रकारच ठेवला नाही. चिपचा कोड आणायचाय? आणा, पण ड्रायव्हर्समध्ये.

रिस्क-फाइव्ह लिनक्समध्ये आलं ४.१५ मध्ये, जानेवारी २०१८. म्हणजे आर्मचे चटके सगळ्यांच्या लक्षात होते तेव्हा. त्यामुळे सुरुवातीपासून हवा अशी की 'आर्च/रिस्कव्ही' स्वच्छ ठेवायचं, आणि ते बऱ्यापैकी पाळलंही गेलं. प्लिक नावाचा इंटरप्ट कंट्रोलर थेट 'ड्रायव्हर्स/इरकचिप'मध्ये आला, क्लिंट टायमरचा कोड आधी आर्चमध्ये होता तो २०२० मध्ये ५.९ ला 'ड्रायव्हर्स/क्लॉकसोर्स'मध्ये गेला. कॅशचं मात्र घोंगडं भिजत राहिलं.

पहिली फाइल आणि तिची भटकंती

सायफाइव्हच्या एफयू५४० चिपमध्ये २ एमबीचा एल२ (दुसऱ्या पातळीचा) कॅश आहे, ईसीसीवाला, म्हणजे बिघडलेला बिट ओळखणारा. मेमरीतला एखादा बिट बिघडला की कंट्रोलर इंटरप्ट देतो. ते इंटरप्ट पकडून एरर रिपोर्ट करायचा एवढाच कोड लिहायचा होता. २०१९ मध्ये ५.२ च्या वेळी तो आला 'आर्च/रिस्कव्ही/एमएम'मध्ये, म्हणजे आर्किटेक्चरच्या मेमरी मॅनेजमेंटच्या फोल्डरमध्ये.

का बरं? एरर रिपोर्ट करणारी ईडॅक नावाची सबसिस्टिम कर्नलमध्ये आहे, साहजिक जागा तीच. पण ईडॅकच्या लोकांना प्रत्येक हार्डवेअर ब्लॉकला वेगळा ड्रायव्हर नको होता, एका प्लॅटफॉर्मला एकच ड्रायव्हर हवा होता. मग तोडगा असा निघाला की ईडॅकमध्ये एक छोटा ड्रायव्हर, आणि खरा रजिस्टर वाचणारा कोड दुसरीकडे, दोघांमध्ये एक नोटिफायर. दुसरीकडे म्हणजे कुठे? कॅश म्हणजे मेमरी, मेमरी म्हणजे एमएम, टाका तिथे. माझ्या मते ही जागा कोणी विचार करून निवडलेलीच नव्हती, ईडॅकनं दार लावलं म्हणून शेजारचं उघडं दिसलं.

काही महिन्यांतच एका जुन्याजाणत्या डेव्हलपरनं ती फाइल उचलून 'ड्रायव्हर्स/सॉक'मध्ये टाकली (सॉक म्हणजे एकाच चिपवर बसवलेली सगळी सिस्टिम). कारण दिलं ते रोखठोक होतं, की या फाइलचा रिस्क-फाइव्हच्या मेमरी मॅनेजमेंटशी काडीचा संबंध नाही. आणि ते खरंच आहे. ती फाइल कुठलीही आर्किटेक्चरची गोष्ट करत नव्हती, काही रजिस्टर वाचत होती आणि इंटरप्ट घेत होती. उद्या हाच कॅश ब्लॉक आर्मच्या चिपमध्ये कोणी बसवला तर कोड बदलावा लागला नसता.

पण 'ड्रायव्हर्स/सॉक' म्हणजे आपल्याकडचा माळा. कुठे ठेवायचं कळत नाही ते सगळं वर. आणि माळ्यावर गेलेली वस्तू सहसा खाली येत नाही. ही फाइल तिथे सायफाइव्हच्या फोल्डरमध्ये बसली, जेव्हा की तोच कॅश ब्लॉक मायक्रोचिपच्या पोलरफायर सॉकमध्ये होता, स्टारफाइव्हच्या चिपमध्येही होता. २०२२ मध्ये नाव बदलून एल२ ऐवजी सी-कॅश केलं, कारण तोच ब्लॉक एल३ म्हणूनही वापरता येतो. फोल्डर मात्र तेच राहिलं.

तोवर हे सगळं चालून गेलं, कारण एरर रिपोर्टिंग उशिरा सुरू झालं किंवा नाहीच झालं तरी मशीन बूट होतं.

खरी अडचण

आता गंमत सुरू होते. रेनेसासनं मार्च २०२२ मध्ये आरझेड/फाइव्ह जाहीर केली. आत अँडीजचा एएक्स४५एमपी कोर, १ गिगाहर्ट्झ. या चिपची खासियत अशी की तिची जवळजवळ सगळी पेरिफेरल्स आरझेड/जी२यूएल या आर्मवाल्या चिपचीच आहेत. कर्नलमध्ये आजही रिस्क-फाइव्हची डिव्हाइस ट्री फाइल आर्म६४ च्या फोल्डरमधली फाइल सरळ इनक्लूड करते. म्हणजे इथरनेट, एसडी कार्ड, यूएसबी, सगळ्यांचे ड्रायव्हर आधीच तयार, आधीच तपासलेले. काम उरलं कोरचं.

आणि कोरपाशीच घोडं अडलं. डीएमए करणारं डिव्हाइस प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत थेट लिहितं. प्रोसेसरच्या कॅशमध्ये त्याच पत्त्याची जुनी प्रत पडलेली असेल तर प्रोसेसर जुनंच वाचणार, डेटा खराब. जिथे हार्डवेअरच कॅश आणि डीएमए यांचा मेळ राखतं (याला कोहेरंट म्हणतात) तिथे प्रश्न नाही. एएक्स४५एमपीमध्ये असा मेळ राखणारा आय-ओ कोहेरन्स पोर्ट ऐच्छिक आहे, आणि आरझेड/फाइव्हमध्ये तो घेतलेला नाही. म्हणजे प्रत्येक डीएमएच्या आधी आणि नंतर कर्नलनं स्वतः कॅश साफ करायचा.

रिस्क-फाइव्हमध्ये यासाठी स्टँडर्ड इंस्ट्रक्शन आहेत, झिकबॉम एक्स्टेन्शन, त्यात क्लीन, फ्लश, इनव्हॅलिडेट असे तीन प्रकार. पण ते मंजूर झालं २०२१ च्या शेवटी, आणि चिप काय एका रात्रीत बनत नाहीत. एएक्स४५एमपी त्याआधीची. टी-हेडचे सी९०६ आणि सी९१० कोरही त्याआधीचे, त्यांनी आपल्या घरच्या इंस्ट्रक्शन बनवल्या. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ६.० मध्ये झिकबॉमचा सपोर्ट आला तेव्हा टी-हेडचा प्रकारही त्यासोबत बसवला गेला, 'आर्च/रिस्कव्ही/इराटा'मध्ये, म्हणजे चिपमधल्या खोडींवरच्या उपायांच्या फोल्डरमध्ये. तिथे वापरलेली युक्ती म्हणजे अल्टरनेटिव्ह मॅक्रो: बूट होताना कर्नल आपलाच कोड पॅच करतो, झिकबॉम असेल तर त्या इंस्ट्रक्शन, टी-हेड असेल तर त्यांच्या, काहीच नसेल तर नॉप, म्हणजे काहीच न करणारी इंस्ट्रक्शन.

अँडीजचं यात बसत नव्हतं. त्यांच्याकडे कॅशची एक ओळ, म्हणजे ६४ बाइटचा एक तुकडा, साफ करायला एक इंस्ट्रक्शन पुरत नाही. एल१ साठी दोन सीएसआरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या कंट्रोल रजिस्टरांत) पत्ता आणि कमांड लिहायची, मग एल२ साठी एमएमआयओ रजिस्टरमध्ये (मेमरीच्या पत्त्यावरून पोचता येणाऱ्या रजिस्टरात) पत्ता लिहायचा, कमांड लिहायची, आणि स्टेटस रजिस्टर मोकळं होईपर्यंत वाट बघायची. एल१ ला व्हर्च्युअल पत्ता लागतो, एल२ ला फिजिकल. आणि एल२ ची रजिस्टरं कुठल्या पत्त्यावर आहेत ते डिव्हाइस ट्रीमधून वाचायचं.

बघा म्हणजे, अर्धं काम सीएसआरचं, जे शुद्ध आर्किटेक्चरचं. अर्धं काम एमएमआयओचं, जे शुद्ध डिव्हाइसचं. आणि दोन्ही एकाच लूपमध्ये, प्रत्येक ६४ बाइटला. इंस्ट्रक्शन असेल तर आर्च, रजिस्टर असेल तर ड्रायव्हर, हा जो सोपा नियम बरेच जण सांगतात तो इथे लागूच होत नाही.

कोणते पर्याय होते

सगळं आर्चमध्ये टाकणं हा पहिला. टी-हेडला जागा दिली ना, मग अँडीजलाही द्या. कॉल करणारा कोड आर्चमध्ये, बूटच्या सुरुवातीला लागतो, म्हणजे जवळ राहील. याला आर्मचा दाखलाही आहे, पीएल३१० या बाहेरच्या कॅश कंट्रोलरचा कोड आजही 'आर्च/आर्म/एमएम'मध्ये आहे. पण दाखला नीट वाचला तर तो उलटाच पडतो, कारण त्या फोल्डरमध्ये फेरोसियनचा वेगळा, टॉरोस२ चा वेगळा, असे एकेक कॅश कंट्रोलर जमत गेले. रिस्क-फाइव्हमध्ये कोणीही उठून कोर बनवू शकतं, तिथे ही यादी किती लांबेल याचा अंदाज करा.

दुसरा, चिप कंपनीच्या फोल्डरमध्ये. पॅचच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये खरंच असंच होतं, 'ड्रायव्हर्स/सॉक/रेनेसास'च्या आत. पाठवणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर हे सोयीचं, कारण त्या फोल्डरचे मेंटेनर ओळखीचे, मर्ज होणं सोपं. पण कॅश रेनेसासचा नाही, अँडीजचा आहे. उद्या दुसऱ्या कंपनीनं हाच कोर घेतला की ती रेनेसासच्या फोल्डरमधला कोड वापरणार की कॉपी मारणार? सायफाइव्हच्या फाइलचं नेमकं हेच झालं होतं.

तिसरा, फर्मवेअरवर ढकलणं. ओपनएसबीआय या रिस्क-फाइव्हच्या फर्मवेअरमध्ये कॅश साफ करायचा कॉल द्या, कर्नल फक्त तो कॉल करेल. कर्नलच्या दृष्टीनं सगळ्यात स्वच्छ, एकही विचित्र रजिस्टर आत येत नाही. पण प्रत्येक नेटवर्क पॅकेटमागे फर्मवेअरच्या एम-मोडमध्ये जाऊन परत यायचं, आणि फर्मवेअरमध्ये बग निघाला की वापरणारा कर्नल अपडेट करून सुटत नाही. मला हा पर्याय कागदावरच बरा वाटतो.

चौथा, नकोच. स्टँडर्ड आहे, ते पाळा, नाही पाळलं तर आपला कर्नल आपल्याकडे ठेवा. हे मत ऐकायला कडक वाटतं पण त्यात तथ्य आहे. ६४ बिट आर्मनं बूटच्या नियमांत लिहूनच ठेवलंय, की जो सिस्टिम कॅश आर्किटेक्चरच्या पत्त्यावर आधारित इंस्ट्रक्शन मानत नाही तो फर्मवेअरनं बंद करून द्यायचा. विषय संपला. त्यामुळे आर्म६४ ला हा डोक्याला ताप कधी झालाच नाही. रिस्क-फाइव्हला तसं करणं अवघड होतं कारण आर्मनं नियम केला तेव्हा ६४ बिटच्या चिप बाजारात फारशा नव्हत्या, इथे चिप आधी आल्या आणि नियम मागून.

पाचवा म्हणजे दोन तुकडे करणं. काय करायचं हे आर्च सांगेल, कसं करायचं हे ड्रायव्हर सांगेल.

निर्णयाचे टप्पे आणि केलेलं काम

पहिला टप्पा कोड कुठे याचा नव्हताच, कोड बोलावायचा कसा याचा होता, आणि माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. सुरुवातीच्या पॅचमध्ये अँडीजलाही अल्टरनेटिव्ह मॅक्रोमध्येच बसवायचा प्रयत्न होता. तीन पर्यायांचा नवीन मॅक्रो, त्यात असेंब्लीतून सी फंक्शनला कॉल, रजिस्टर जपायची कसरत. चालत होतं, पण वाचणाऱ्याला घाम फुटेल असं. आणि या पद्धतीत कोड आर्चच्या बाहेर नेता येणंच शक्य नव्हतं, कारण मॅक्रोला सगळे पर्याय कंपाइलच्या वेळी ठाऊक हवेत. नवीन कॅश आला की मॅक्रो आणखी लांब.

रिव्ह्यूमध्ये प्रश्न आला की बूटच्या वेळी कोड पॅच करायची गरज काय? अल्टरनेटिव्ह वापरतात ते एकेक नॅनोसेकंद मोजायच्या जागी. इथे प्रत्येक ओळीमागे एमएमआयओ लिहून स्टेटसची वाट बघायचीय, त्यापुढे फंक्शन पॉइंटरचा (कुठलं फंक्शन बोलवायचं ते कर्नल चालू असताना भरता येणाऱ्या पत्त्याचा) खर्च दिसणारही नाही. एकदा हे मान्य झालं आणि पुढचं आपोआप सुटत गेलं. 'आर्च/रिस्कव्ही'मध्ये तीन फंक्शन पॉइंटरचं एक स्ट्रक्चर आलं: राइटबॅक, इनव्हॅलिडेट, आणि दोन्ही मिळून. एक रजिस्टर करायचं फंक्शन. डीएमएचा कोड आधी बघतो की कोणी पॉइंटर भरलेत का, भरले असतील तर ते बोलावतो, नाहीतर नेहमीचा अल्टरनेटिव्हचा रस्ता. पत्ता फिजिकल द्यायचा असं ठरलं, ज्याला व्हर्च्युअल लागेल त्यानं स्वतः बदलून घ्यावा. ही कल्पना काही आकाशातून पडली नव्हती, ३२ बिट आर्ममध्ये आउटर कॅशसाठी अशाच फंक्शन पॉइंटरचं स्ट्रक्चर कित्येक वर्षं आहे. तिथे फक्त ते भरणारेही आर्चमध्येच राहिले.

दुसरा टप्पा फोल्डरचा. आता कोड कुठेही राहू शकत होता. 'ड्रायव्हर्स/सॉक' नको यावर हळूहळू एकमत झालं, आणि 'ड्रायव्हर्स/कॅश' असं नवीन फोल्डर उघडलं. नवीन फोल्डर उघडणं कर्नलमध्ये फार हलक्यात घेत नाहीत, कारण त्यामागोमाग प्रश्न येतो की सांभाळणार कोण. इथे रिस्क-फाइव्ह आणि सॉक या दोन्ही बाजूंना आधीपासून काम करणाऱ्या एका मेंटेनरनं ते अंगावर घेतलं, मेंटेनर्स फाइलमध्ये स्वतंत्र नोंद पडली. माझं तर स्पष्ट मत आहे की फोल्डरच्या नावापेक्षा ही नोंद जास्त कामाची. मालक नसलेलं फोल्डर म्हणजे पुन्हा दुसरं 'सॉक'च.

तिसरा टप्पा ओळखायचं कोणी. या चिपमध्ये कोहेरन्स पोर्ट नाही, हे कर्नलला कळणार कसं? हे काम आर्चमध्येच ठेवलं, 'इराटा/अँडीज'मध्ये, कारण त्याला व्हेंडर आयडी, आर्किटेक्चर आयडी बघावा लागतो आणि एसबीआयचा, म्हणजे फर्मवेअरचा, अँडीजचा खास कॉल करून विचारावं लागतं. हे बूटच्या अगदी सुरुवातीचं आणि प्रोसेसरच्या ओळखीचं काम, इथे कोणी वाद घातला नाही आणि घालायचं कारणही नव्हतं. एक मजा मात्र त्यात आहे. आर्चचा सामान्य कोड झिकबॉमची ब्लॉक साइज शून्य नसावी असं तपासतो, आणि अँडीजकडे तर झिकबॉमच नाही. मग इराटाच्या कोडनं ती साइज १ ठेवली, आणि वर प्रामाणिकपणे कमेंट लिहिली की फक्त मूळ कोड खूश राहावा म्हणून. अशी कमेंट दिसली की समजायचं, जोड नीट बसलेला नाही.

हे सगळं ६.६ मध्ये आलं, ऑक्टोबर २०२३. त्यापुढच्या ६.७ मध्ये सायफाइव्हची जुनी फाइलही माळ्यावरून उतरवून 'ड्रायव्हर्स/कॅश'मध्ये आणली. एमएम, मग सॉक, मग कॅश, तिसऱ्यांदा बिऱ्हाड.

निकाल

चांगलं आधी. नवीन जोड लगेच कामाला आला. स्टारफाइव्हच्या जेएच७१०० चिपमध्ये सायफाइव्हचाच कॅश, पण तिथली पेरिफेरल्स कोहेरंट नाहीत. त्यासाठी जुन्या फाइलमध्ये थोडा कोड घातला की झालं. त्या कंट्रोलरमध्ये ६४ बाइटची ओळ फ्लश करायचं एकच रजिस्टर आहे, वेगळं क्लीन, वेगळं इनव्हॅलिडेट असं काही नाही, म्हणून तिन्ही पॉइंटर एकाच फंक्शनकडे जातात. आर्चमध्ये यासाठी कॅशच्या कोडची एक ओळही लिहावी लागली नाही. ६.८ मध्ये टी-हेडचा कोडही अल्टरनेटिव्ह सोडून या पॉइंटरवर आला. तो मात्र फोल्डर न बदलता आर्चमध्येच राहिला, आणि बरोबरच आहे, कारण तिथे नुसत्या इंस्ट्रक्शन आहेत, ना रजिस्टरचा पत्ता ना डिव्हाइस ट्रीचा नोड. म्हणजे जोड एकच, भरणारे दोन ठिकाणी. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात पटलेलं फळ वाटतं: इंटरफेस नीट पडला की प्रत्येक फाइलला आपापल्या गुणावर जागा मिळते, सगळ्यांना एकाच रांगेत उभं करावं लागत नाही.

आता दुसरी बाजू. जेएच७१०० साठी कॅशचे पॉइंटर लवकर भरायला हवेत, कुठलंही डिव्हाइस डीएमए सुरू करायच्या आत. म्हणून सायफाइव्हचा ड्रायव्हर सुरुवातीच्या इनिट टप्प्यात नेला. पण त्याच फाइलचं जुनं काम होतं एररचे इंटरप्ट घेणं. २०२४ मध्ये प्लिक इंटरप्ट कंट्रोलर सुधारून नेहमीच्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरसारखा केला, म्हणजे तो थोडा उशिरा तयार होऊ लागला, आणि कॅशचा ड्रायव्हर इंटरप्ट मागायला गेला तेव्हा प्लिक जागेवरच नव्हता. इनिट फसलं. शेवटी ड्रायव्हर अर्धा फोडावा लागला: पॉइंटर भरायचं काम लवकर, इंटरप्ट घ्यायचं काम नंतर प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जातो तेव्हा. हे फोल्डर बदलल्यामुळे झालं नाही, पण फोल्डरच्या चर्चेत एक गोष्ट झाकली गेली होती ती इथे उघडी पडली, की या एका फाइलमध्ये दोन वेगळ्या वेळी लागणारी दोन कामं होती.

आणि सगळ्यात मोठी कसर म्हणजे एकच तयार कर्नल इमेज सगळ्या चिपवर चालावी हे इथे जमलंच नाही. एएक्स४५एमपीमध्ये पेज टेबलमधून मेमरीचं एखादं पान अनकॅश्ड (कॅशमध्ये न जाणारं) करता येत नाही, ती सोय नंतरच्या एक्स्टेन्शनमध्ये आली. म्हणून डीएमएसाठी मेमरीचा एक तुकडा फर्मवेअर आधीच अनकॅश्ड करून ठेवतं आणि कर्नल सगळं कोहेरंट ॲलोकेशन त्यातून करतो. हा ग्लोबल पूलचा मार्ग आणि बाकीच्यांचा रीमॅपचा मार्ग एका बिल्डमध्ये एकत्र नांदत नाहीत. परिणाम असा की आरझेड/फाइव्ह निवडायची तर केकॉन्फिगमध्ये (कर्नल बिल्ड करतानाच्या पर्यायांत) नॉनपोर्टेबल चालू करावं लागतं आणि झिकबॉम बंद. म्हणजे फेडोरा किंवा डेबियनच्या सरसकट रिस्क-फाइव्ह कर्नलमध्ये ही चिप येऊ शकत नाही. जेएच७१०० चंही तेच.

कॅशच्या कोडला इतकी छान जागा शोधली, फंक्शन पॉइंटर केले ते बूटच्या वेळी ठरवता यावं म्हणून, आणि शेवटी निर्णय कंपाइलच्याच वेळी होतोय. वापरणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर त्याला तेव्हाही वेगळा कर्नल बनवायला लागत होता, आताही लागतो. फरक एवढाच की आता सोर्स एक आहे. हा फरक छोटा नाही, पण जो हिशोब आधी मांडला होता तोही हा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

२०१९ मध्ये, पहिल्या फाइलच्या वेळी, ईडॅकनं नाही म्हटलं तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं की ही फाइल कोणती गोष्ट चालवते. कॅश कंट्रोलर नावाचं एक हार्डवेअर, डिव्हाइस ट्रीमध्ये त्याचा नोड आहे, रजिस्टर आहेत, इंटरप्ट आहेत. एवढं असताना एमएममध्ये जायला काहीच कारण नव्हतं. तेव्हा एका ड्रायव्हरसाठी नवीन फोल्डर कोणी उघडू दिलं नसतं हेही खरं, पण मग सॉकमध्ये निदान पहिल्यापासून ठेवता आली असती.

अँडीजच्या वेळी चर्चेचा क्रम उलटा हवा होता. आधी इंटरफेस, मग जागा. अल्टरनेटिव्हच्या मॅक्रोवर जेवढा वेळ गेला तो बघता, पहिल्याच आवृत्तीत कोणीतरी एका कॅश ऑपरेशनला किती वेळ लागतो हे मोजून समोर ठेवलं असतं तर फंक्शन पॉइंटरचा मुद्दा लगेच निकाली निघाला असता. नवीन माणसाला मी हेच सांगेन, की जागेचा वाद अडकला असेल तर बहुतेक वेळा दोन्ही बाजू वेगवेगळ्या इंटरफेसची कल्पना डोक्यात धरून भांडत असतात. ते आधी कागदावर उतरवा.

तिसरं, डीएमए पूलचा प्रश्न कॅशच्या प्रश्नासोबतच टेबलवर यायला हवा होता. कॅश साफ करणं आणि अनकॅश्ड मेमरी मिळवणं या नॉन-कोहेरंट चिपच्या दोन जुळ्या गरजा आहेत. पहिल्यावर बूटच्या वेळचा उपाय, दुसऱ्यावर कंपाइलच्या वेळचा, हे जोडपं जमणार नव्हतंच. तेव्हा ग्लोबल पूलही बूटच्या वेळी निवडता येईल असं करणं हा डीएमएच्या सामान्य कोडला हात लावायचा प्रकार, म्हणजे आणखी एक मेंटेनर, आणखी एक वाद, आणि पॅच पाठवणाऱ्याला त्याची चिप चालवायची असते, जगाचा उद्धार करायचा नसतो. हे समजण्यासारखं आहे. तरी निदान मर्ज करताना तसं लिहून ठेवता आलं असतं की हा अर्धा उपाय आहे.

आणि जागा हलवताना उलट दिशाही विसरू नये. आर्मच्या केव्हीएमचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाचा) बराच कोड आर्चच्या बाहेर 'व्हर्ट/केव्हीएम/आर्म'मध्ये होता, ३२ आणि ६४ बिट दोघांनी मिळून वापरायला. २०२० मध्ये ३२ बिट होस्टचा सपोर्ट काढला आणि तो कोड सरळ 'आर्च/आर्म६४' च्या आत परत नेला, कारण वाटून घेणारा दुसरा कोणी उरलाच नाही. याउलट आर्मच्या पीएमयू-व्ही३ चा परफॉर्मन्स काउंटरवाला कोड २०२३ मध्ये आर्म६४ मधून निघून 'ड्रायव्हर्स/पर्फ'मध्ये गेला, कारण ३२ बिट कर्नललाही तो हवा झाला. दोन्ही निर्णय आपापल्या वेळी बरोबर.

या मापानं बघितलं तर 'ड्रायव्हर्स/कॅश'मधल्या अँडीजच्या फाइलवर एक टीका उरतेच. ती 'ड्रायव्हर्स'मध्ये आहे पण तिचा हेडर रिस्क-फाइव्हच्या आर्चमधला, केकॉन्फिगमध्ये ती रिस्क-फाइव्हवर अवलंबून, आत सीएसआर लिहिते, दुसऱ्या आर्किटेक्चरवर ती कंपाइलसुद्धा होत नाही. आर्चमधलं कोणी फंक्शन पॉइंटरच्या त्या स्ट्रक्चरला हात लावला तर एक्स८६ वर नेहमीची बिल्ड चाचणी चालवून काहीच कळणार नाही, रिस्क-फाइव्हचा कंपाइलर घेऊन आणि कॉन्फिगमध्ये ही फाइल मुद्दाम चालू करूनच बिल्ड करावी लागेल. ज्याला या भागात पॅच द्यायचा असेल त्यानं तेवढी एक कॉन्फिग वेगळी बनवून जवळ ठेवावी, नेहमीच्या डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये ही फाइल कंपाइल होत नाही.